बसऱ्याला गेलेले पणजोबा: जुन्या पलटणीतल्या शिपायाचा माग कसा काढायचा

"आमचे पणजोबा लढाईवर गेले, बसऱ्याला, ते परत आलेच नाहीत." कोकणात आणि साताऱ्याकडे कित्येक घरांत या एका वाक्यापलीकडे काही उरलेलं नाही. कुणाकडे एखादं पदक असतं, कुणाकडे नुसतं नाव. अशा घरातलं कुणी शोधाला लागलं की पहिला प्रश्न असतो, "कबर कुठे सापडेल?" माझं सांगणं असं की हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी नंबर, मग पलटण, मग मृत्यूची तारीख, आणि सगळ्यात शेवटी जागा. नुसत्या नावावर शोध सुरू केला तर शंभर सखाराम जाधव भेटतील. त्यातले आपले कोणते, हे फक्त नंबर आणि पलटण सांगते.

दुसरी गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. आपला शिपाई हिंदू असेल तर कबर बहुधा नसणारच. जमलं तिथे दहन झालं, नाही जमलं तिथे काय झालं याची नोंद क्वचितच राहिली. त्याच्या वाट्याला आली ती कुठल्यातरी स्मारकाच्या यादीतली एक ओळ. आपण शोधायची ती ही ओळ.

हा लेख मुख्यतः पहिल्या महायुद्धाबद्दल आहे, कारण बहुतेक घरांचा धागा तिथेच जाऊन पोचतो. त्याआधीच्या पलटणी आणि स्थानिक कोअर (एखाद्या भागापुरत्या उभारलेल्या तुकड्या) यांच्याबद्दल पुढे थोडं सांगितलं आहे.

पायरी १: घर झाडून घ्या

पदक असेल तर सगळ्यात आधी त्याची कड भिंगाखाली पाहा. पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडल, दोन्हींच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. १९१४-१५ चा तारा असेल तर हाच मजकूर पाठीमागे असतो. ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं निघालं तर माणूस लढाऊ शिपाई नसून पलटणीबरोबरचा कामकरी असण्याची शक्यता मोठी: भिश्ती, मोतद्दार, डोलीवाला, मजूर. त्यात कमीपणा काही नाही, पण शोधाची दिशा बदलते, कारण मग पलटणीऐवजी बेअरर कोअर, खेचरांची तुकडी किंवा लेबर कोअर अशी नावं शोधावी लागतात.

पदक पॉलिश लावून घासू नका. आधीच पुसट झालेली अक्षरं त्यानं कायमची जातील. पदक घरात नसेल तर सोनाराकडे गेलं असं समजायला हरकत नाही. चांदीची पदकं दुष्काळात आणि लग्नकार्यात मोडली गेली.

ताटलीएवढी, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची गोल चकती, तिच्यावर उभी बाई आणि सिंह, असं काही मिळालं तर शोध एका फटक्यात पुढे जातो. ही चकती युद्धात मेलेल्यांच्या वारसांनाच दिली जाई. तिच्यावर हुद्दा मुद्दाम लिहिलेला नसतो, फक्त नाव असतं. पण माणूस सेवेत मेला हे तिथेच ठरतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांबद्दल एक गंमत. गोऱ्या ब्रिटिश शिपायांना मिळालेली ही पदकं कोरी असत, हिंदी सैन्याला दिलेल्या पदकांवर मात्र बहुधा नाव-नंबर असतो. तेव्हा आजोबांचा तारा कोरा निघाला तर तो नंतर कुणी विकत आणलेला तर नाही, हेही विचारा.

कागदांत डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचं बुक, मनिऑर्डरीच्या पावत्या, 'जंगी इनाम' (युद्धसेवेबद्दलचं इनाम) लिहिलेला एखादा कागद शोधा. जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, दस्तांच्या गाठोड्यात. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून बाजूला टाकू नका. मोडी वाचणारे लोक आता पुष्कळ जिल्ह्यांत मिळतात.

आता जे कुठल्याच परदेशी मार्गदर्शकात सापडणार नाही ते. घरात पितृपंधरवड्यात कुणाचं श्राद्ध कधी घालतात ते विचारा. मृत्यूची तिथी कळलेलीच नसेल तर श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होतं. एखाद्याचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला होत असेल तर कान टवकारा. ही तिथी शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांची. पंचांगात तिच्यापुढे 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. म्हणजे 'लढाईवर गेले ते आलेच नाहीत' आणि 'लढाईत मेल्याची खबर घरी आली होती' यातलं कोणतं खरं, याचा अंदाज श्राद्धाच्या दिवसावरून येतो. देव्हाऱ्यात वीराचा टाक असेल तर तो कुणाच्या नावाचा, हेही विचारा. हे प्रश्न घरातल्या पुरुषांना विचारून फारसं हाती लागत नाही. श्राद्धाचा स्वयंपाक ज्यांनी केला त्या आज्या आणि काकूंना विचारा.

पायरी २: पलटणीचा नंबर समजून घ्या

इथे नवखे हमखास अडखळतात. एकाच पलटणीला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे नंबर होते. युक्ती सोपी आहे. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरनं साऱ्या हिंदी सैन्याचे नंबर बदलले, तेव्हा मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या जुन्या नंबरात १०० मिळवले गेले. १० व्या बॉम्बे इन्फंट्रीची ११० वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, १७ वीची ११७ वी मराठा. तेव्हा १९०३ च्या आधीच्या कागदाशी मेळ घालायचा असेल तर १०० वजा करा.

मग १९२२ मध्ये पुन्हा उलथापालथ झाली. सहा मराठा पलटणी एकत्र करून ५ वी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट केली. १०३ वी झाली तिची पहिली बटालियन, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी झाली दहावी, म्हणजे बेळगावची प्रशिक्षण बटालियन. ही यादी लिहून भिंतीवर लावा, सतत लागते. '५ वी मराठा' आणि '५ वी बटालियन' यांत गोंधळ करू नका. '३/५' लिहिलं असेल तर ती ५ व्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, म्हणजे जुनी ११० वी. हीच तिसरी बटालियन छत्रीधारी झाली आणि स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आज ती २ पॅरा आहे. तेव्हा आजची बटालियन कोणती, हे विचारताना नुसत्या मराठा रेजिमेंटवर थांबू नका.

मराठी माणूस म्हणजे मराठा पलटणच असंही नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (लष्करी इंजिनिअरांच्या दलात), ग्रेनेडिअर्समध्ये आणि इतर मुंबई पलटणींमध्येही आपली माणसं होती. महारांची भरती १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी बंद केली. गोपाळबाबा वलंगकर आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. १९१७ मध्ये युद्धाची निकड लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. म्हणून एखाद्या महार कुटुंबात '१८८० च्या सुमारास सुभेदार' आणि 'पहिल्या महायुद्धात शिपाई' अशा दोन आठवणी असतील तर त्या एकाच पलटणीच्या असणं कठीण.

पायरी ३: यादीत नाव काढा

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था २१ मे १९१७ ला स्थापन झाली. तेव्हा नावात 'इम्पीरियल' होतं, १९६० मध्ये 'कॉमनवेल्थ' झालं. तिच्या संकेतस्थळावरची यादी फुकट पाहता येते. तिच्यात पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सेवेत मेलेले धरले जातात. तारखा लक्षात ठेवा. युद्ध १९१८ मध्ये संपलं म्हणून १९२० चा मृत्यू यादीत नसेल असं समजून बरेच जण तिथेच थांबतात.

नाव शोधताना इंग्रज कारकून आपलं नाव कसं ऐकेल याचा विचार करा. शिंदे तिथे 'सिंदे' असतात, जाधव 'जाधो' किंवा 'जादव', पवार 'पोवार', चव्हाण 'चौहान' किंवा 'चवान', भोसले 'भोंसले'. पुष्कळ हिंदी शिपायांचं पूर्ण नावच आडनावाच्या रकान्यात ढकललेलं असतं, तेव्हा आडनावाच्या जागी 'सखाराम', 'विठोबा', 'धोंडू' अशी नावं टाकूनही पाहा. मी तर नाव अर्धंच टाकायला सांगतो. सैन्याच्या रकान्यात हिंदी सैन्य, देशाच्या रकान्यात इराक, पलटणीच्या रकान्यात मराठा, आणि नावाची पहिली तीन-चार अक्षरं. येईल ती यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घ्या आणि निवांत बसून गावाचं नाव शोधा.

कारण खरी चावी 'अधिक माहिती'च्या ओळीत असते: अमक्याचा मुलगा, अमकं गाव, अमका तालुका, रत्नागिरी, बॉम्बे. यातलं 'बॉम्बे' म्हणजे मुंबई शहर नव्हे, मुंबई इलाखा. जिल्हेही त्या काळचे. आजचा सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. मालवण, वेंगुर्ला, देवगड तेव्हा रत्नागिरीत होते, आणि सावंतवाडी संस्थान वेगळंच. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. खेड रत्नागिरीतलं की पुण्यातलं हे तपासा. कोल्हापूर, भोर, फलटण, जत, सांगली यांच्या नोंदींत संस्थानाचं नाव येतं. गावाचं नाव तर इतकं मोडलेलं असतं की मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून खरोखर मोठ्यानं वाचा.

जन्मगाव आणि मूळ गाव यांतही फरक असतो. छावणीत जन्मलेली मुलं छावणीच्या गावाची म्हणून लिहिली जात. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा, कारण वडील रामजी सकपाळ तिथे पलटणीत सुभेदार होते. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं.

नाव सापडलं की त्या पानावर जोडलेली मूळ कागदांची छायाचित्रं उघडा. तीन गोष्टी जुळल्याशिवाय 'हेच ते' म्हणू नका: नंबर किंवा पलटण, वडिलांचं नाव, आणि गाव. बापाचं नाव आणि गाव जुळलं, पण नंबर घरच्या पदकाशी जुळत नसेल तर दुसरा भाऊ असू शकतो. एका घरातले दोघं भाऊ एकाच पलटणीत जाणं तेव्हा नवलाचं नव्हतं.

पायरी ४: शेवट कुठे झाला

आता जागेकडे या. मराठा पलटणीतल्या शिपायासाठी सगळ्यात जास्त वेळा निघणारं नाव म्हणजे बसरा मेमोरियल. १९१४ ची शरद ते ऑगस्ट १९२१ या काळात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,५०० हून अधिक जणांचं ते स्मारक. मूळचं ते शत्त-अल-अरब नदीच्या काठी माकिल इथे होतं. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमानं तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर, वाळवंटात नेलं.

तुमच्या पणजोबांचं नाव या स्मारकाच्या दगडावर असेल अशी आशा धरू नका. गोऱ्या शिपायांची नावं तिथे कोरली. हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची. साध्या शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि 'इतर अमुक हिंदी शिपाई' असा आकडा. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच एक अहवाल काढून ही असमानता मान्य केली. त्यातल्या अंदाजानुसार आफ्रिका, आशिया, मध्यपूर्वेतले ४५ ते ५४ हजार जण असमान रीतीनं स्मारकांत धरले गेले, आणि किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं किंवा अजिबातच धरले गेले नाहीत. माफी मागितली गेली, ठीक आहे. शोधणाऱ्यानं त्यातून घ्यायचं ते एवढंच की यादीत नाव न मिळणं म्हणजे माणूस मेलाच नाही असा पुरावा नव्हे.

इराकातल्या अमाराचं उदाहरण पाहा. टायग्रिस नदीच्या डाव्या काठावरच्या हिंदी सैनिकांच्या स्मशानभूमीत सुमारे ५,००० जण आहेत. त्यांतले ओळखता आले फक्त नऊ, कारण लष्करानं दफनांची नीट नोंदच ठेवली नव्हती. त्याच अमारातल्या मुख्य युद्ध स्मशानभूमीतले दगड जमिनीतल्या क्षारांनी खाल्ले, म्हणून १९३३ मध्ये काढून टाकले आणि नावं एका भिंतीवर घेतली. तेव्हा 'कबरीचा फोटो मिळेल का' असं कुणी विचारलं की मी आधी जागेचं नाव विचारतो.

मेसोपोटेमिया सोडून इतर जागा:

फ्रान्समध्ये मेलेले पण कबर नसलेले ४,७०० हून अधिक हिंदी शिपाई आणि मजूर नव-शापेलच्या स्मारकावर आहेत, आणि इथे नावं कोरलेली आहेत. ७ ऑक्टोबर १९२७ ला ते उघडलं. खडकीच्या सॅपर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला याच गावात जवळजवळ कापल्या गेल्या. घरातला माणूस 'खडकीचा' असेल आणि १९१४ च्या दिवाळीच्या सुमारास गेला असेल तर सुरुवात इथून करा.

इंग्लंडात जखमी होऊन मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांचं दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झालं. तिथे १९२१ मध्ये छत्री बांधली.

दिल्लीचं इंडिया गेट हे वरवर पाहता सगळ्यांचं स्मारक, पण त्यावर कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्द आणि १९१९ च्या अफगाण युद्धातली. पणजोबा इराकात गेले असतील तर तिथल्या कमानीखाली नाव शोधत उभं राहण्यात अर्थ नाही.

समुद्रात बुडालेले खलाशी मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममधल्या १९१४-१९१८ स्मारकावर आहेत, दोन हजारांहून अधिक. कोकणी मुसलमान, खारवी आणि गोवेकर घरांनी ही यादी आधी पाहावी, कारण त्यांची माणसं पलटणींपेक्षा बोटींवर जास्त होती.

खडकीची युद्ध स्मशानभूमी पुण्यात हाताशी आहे म्हणून लोक तिथे धाव घेतात. तिथल्या १,६६८ कबरी दुसऱ्या महायुद्धातल्या. तिथलंच १९१४-१९१८ चं स्मारक आहे ते भारतात मरून गावोगावच्या छावणी-स्मशानभूमींत पुरलेल्या १,८०० हून अधिक जणांचं, ज्यांच्या कबरींची निगा राखणं पुढे शक्य झालं नाही. मराठा पलटणीतला हिंदू शिपाई तिथे सापडण्याचा संभव फार कमी.

नावाजलेल्या शिपायालाही कबर मिळतेच असं नाही. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, ३/५ वी मराठा. १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे, आणि तरी कमिशनच्या यादीत त्यांची जागा कबरीची नाही, कॅसिनो मेमोरियलच्या भिंतीवरची आहे. सरावासाठी आधी त्यांचंच नाव शोधून काढा. कोणत्या रकान्यात काय लिहिलेलं असतं ते कळेल, आणि इंग्रजीत नाव कसं उतरतं तेही.

पायरी ५: तारखेवरून कहाणी जुळवा

मृत्यूची तारीख आणि पलटण हाती आली की माणूस कुठे होता ते बरंचसं सांगता येतं. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी ६ व्या (पूना) डिव्हिजनमध्ये होत्या. हे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या दक्षिण टोकाला, फाव इथे उतरलं. एप्रिल १९१५ मध्ये बसऱ्याजवळ शैबाची लढाई. २२ नोव्हेंबर १९१५ पासून टेसिफोन, बगदादच्या अलीकडे. तिथे फार माणूस पडलं. मग माघार, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून टायग्रिसकाठच्या कुत या गावाला तुर्कांचा वेढा. जवळजवळ पाच महिने. उपासमार, स्कर्व्ही, घोड्याचं मांस, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती.

नोव्हेंबर १९१५ अखेरची तारीख असेल तर टेसिफोन किंवा त्या जखमा. जानेवारी ते एप्रिल १९१६ असेल तर दोन शक्यता: वेढ्याच्या आत, किंवा वेढा फोडायला आलेल्या फौजेत. मे १९१६ नंतरची तारीख आणि या तीनपैकी एखादी पलटण असेल तर माणूस बहुधा तुर्कांच्या कैदेत गेला. हिंदी कैद्यांना मुख्यतः रास-अल-ऐनला, बगदाद रेल्वेच्या कामावर नेलं; आज ते सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवर येतं. कैदेतल्या मृत्यूंच्या तारखा पुष्कळदा अंदाजे लिहिलेल्या असतात, काही तर कैद संपल्यावर एकदम धरलेल्या. अशा तारखेवरून तिथी काढून श्राद्धाचा दिवस बदलू नका. या कैद्यांसाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या १९१४-१९१८ च्या याद्या इंटरनेटवर फुकट आहेत. वाचायला किचकट, पण पाहाव्यात.

पलटणींच्या युद्ध-डायऱ्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे पोर्टल आहे, त्यावर नोंदणी करून पलटणीचं नाव टाकून पाहा. एक मात्र आधी सांगतो. डायरीत शिपायाचं नाव क्वचितच येतं. 'आज ४ शिपाई ठार' इतकंच. त्या चौघांतला एक आपला, हे तारखेवरून तुम्ही ओळखायचं.

पायरी ६: गाव आणि वह्या

गावात दगड आहे का पाहा. युद्धानंतर सरकारनं कित्येक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या: या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. शाळेच्या भिंतीत, चावडीवर, देवळाच्या ओवरीत चुन्याच्या थरांखाली त्या अजून सापडतात. साताऱ्याजवळचं अपशिंगे (मिलिटरी) यासाठी प्रसिद्ध आहे; पहिल्या महायुद्धात या एका गावच्या ४६ जणांनी प्राण दिले. पाटीवर फक्त आकडा असतो, पण तो आकडा तुमच्या यादीशी ताडून पाहता येतो. वीरगळ मात्र यात धरू नका, ते कितीतरी शतकं जुने.

तहसील कार्यालयातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून संकेतस्थळावर टाकल्या. शिपायाचा मृत्यू त्यात नसेल, पण जन्म, भावंडं, विधवा यांचा माग लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जुन्या पेन्शनविषयी विचारा. बेळगावच्या मराठा सेंटरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहायचं तर नंबर, पलटण, अंदाजे वर्ष आणि तुमचं नातं चार ओळींत लिहा. 'पणजोबांबद्दल मिळेल ती माहिती द्यावी' अशा पत्राला उत्तर मिळणं अवघड.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हेळवी (घराण्यांच्या वंशावळी ठेवणारा फिरता माणूस) येत असेल तर त्याला सोडू नका. त्याच्या वहीत पिढ्या असतात, आणि कोण निपुत्रिक गेला तेही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्याही तशाच. परदेशात मेलेल्या मुलासाठी बाप किंवा भाऊ विधीला आला असेल तर गावाच्या आणि आडनावाच्या वहीत त्याची नोंद, कधी सही किंवा अंगठाही मिळतो. मला या वह्या बसऱ्याच्या स्मारकापेक्षा जास्त मोलाच्या वाटतात.

कबर खरोखर असते ते

मुसलमान, ख्रिस्ती आणि बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) शिपायांच्या बाबतीत कबर शोधण्यात अर्थ आहे. बेने इस्राएल मुंबईच्या फौजेत अठराव्या शतकापासून होते. समाजी हसाजी दिवेकर हे त्यांतले नेटिव्ह कमांडंट, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, पुणे, मुंबई इथल्या यहुदी दफनभूमींत मराठी आणि हिब्रू दोन्ही लिप्यांतले दगड आहेत, कित्येकांवर हुद्दा कोरलेला. कुटुंब आता इस्राएलात असेल तरी दगड इकडेच आहे.

युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि रेल्वे व्हॉलंटियर्स, १९२० नंतरची ऑक्झिलरी फोर्स, अशा अर्धवेळ शिपायांसाठी चर्चच्या दफनवह्या पाहा. मुंबई इलाख्याच्या वह्यांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' या मालिकेत आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची सूची फुकट पाहता येते. शिवडीतल्या युद्धकबरी १९६२ मध्ये खडकीला हलवल्या, हे ध्यानात असू द्या. मुंबईतल्या कुलाब्याचं अफगाण चर्च १८३८ ते १८४२ च्या अफगाण मोहिमेतल्यांचं स्मारक आहे.

त्याहून जुने, किंवा स्थानिक कोअरमधले

कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं आहेत, त्यांतली बावीस '-नाक' या प्रत्ययाची. ती पलटण पुढे १०२ वी ग्रेनेडिअर्स झाली. त्या काळी आडनाव लिहिलं जातच नसे, तेव्हा आडनावानं शोधू नका.

खानदेश भिल्ल कोअर १८२५ मध्ये जेम्स औट्रमनं धरणगावला उभारली आणि १८९१ मध्ये ती पोलिसांत मिळवली गेली. अशीच सावंतवाडीची लोकल कोअर. ही माणसं धड फौजेत नव्हती, धड पोलिसांत नाही, म्हणून पदकांच्या याद्यांत ती क्वचित दिसतात. त्यांच्यासाठी मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारातली मिलिटरी आणि पोलिटिकल खात्याची जुनी बाडं चाळावी लागतात. ओळखपत्र आणि शोधाचं कारण सांगणारं पत्र न्या, आणि जाण्याआधी हवी ती बाडं सध्या पाहायला मिळतात का हे विचारून घ्या. १८८० चे खानदेश आणि रत्नागिरी-सावंतवाडीचे गॅझेटिअर आधी वाचून गेलात तर कोणत्या वर्षाचं बाड मागायचं ते कळेल.

नाव यादीत नसेल तर

माणूस ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत मेला, किंवा सेवेतल्या जखमेनं, आजारानं सुटून आल्यावर घरी मेला, आणि यादीत नाही, अशी खात्री झाली तर कमिशनकडे अर्ज करता येतो. २०२१ च्या अहवालानंतर अशी सुटलेली नावं जमवण्याचं काम त्यांनी हाती घेतलं आहे. अर्जात दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात: तो सैन्यात होता, आणि त्याचा मृत्यू सेवेत किंवा सेवेमुळे, त्या मुदतीत झाला. पदकाच्या कडेचा फोटो पहिल्यासाठी चालतो, दुसऱ्यासाठी नाही. दुसऱ्यासाठी विधवेच्या पेन्शनचा कागद, काशाची चकती, तलाठ्याच्या वहीतली नोंद असं काही लागतं. यादीत नाव आहे पण गाव किंवा वडिलांचं नाव चुकलंय, तर त्याच मार्गानं दुरुस्तीही मागता येते. नंबर मात्र आधी पदकावरचा आणि यादीतला जुळायला हवा. कागद मोडी असेल तर मूळ पानाचं छायाचित्र, देवनागरी लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर, तिन्ही एकत्र जोडा, आणि वाचणाऱ्याचं नाव खाली लिहा. नुसतं भाषांतर पाठवलं तर तिकडे कुणाला काही पडताळून पाहता येत नाही.